गोळीचं नाव माहीत नसलेली माणसं

२०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत महाराष्ट्रातल्या दंतवैद्यांकडे एका वेगळ्याच प्रकारचे पेशंट येऊ लागले. तक्रार साधी वाटायची. वरचा दात हलतोय, हिरडी सुजलीय, एका बाजूचा गाल बधिर झालाय. तपासलं तर दात किडलेला नसायचा. शेजारशेजारचे तीन-चार दात एकदम हलत असायचे, आणि टाळूवर कुठेतरी करडा, काळपट डाग असायचा. पंधरा-वीस दिवसांपूर्वी कोरोना होऊन गेला, आता बरं आहे, असं पेशंट सांगायचा. काहींना ऑक्सिजन लागलेला होता. काहींचा सगळा ‘कोर्स’ घरीच झाला होता. कोर्समध्ये काय होतं हे मात्र कुणालाच सांगता यायचं नाही. छोट्या पांढऱ्या गोळ्या होत्या, सकाळ-संध्याकाळ. त्यांनी भूक चांगली लागायची, ताप लगेच उतरला, एवढंच.

त्या गोळ्या बहुतेक वेळा स्टिरॉइडच्या होत्या. डेक्सामेथासोन, मिथाइलप्रेडनिसोलोन किंवा प्रेडनिसोलोन. शरीराची प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांमध्ये जगात सर्वाधिक वापरलं जाणारं आणि सर्वात स्वस्त औषध हेच. काळ्या बुरशीबद्दल त्या उन्हाळ्यात वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी खूप सांगितलं. या गोळ्यांबद्दल आणि आपण काय गिळतोय हे माहीत नसलेल्या माणसांबद्दल त्या मानाने फार कमी बोललं गेलं. साथ ओसरल्यावर तर तो विषयच बंद पडला. तो पुन्हा उघडायला हवा, कारण गोळ्या अजून विकल्या जाताहेत आणि बुरशी कुठेही गेलेली नाही.

काळी बुरशी म्हणजे म्युकरमायकोसिस, आणि हा आजार नवा नव्हे. ऑस्ट्रियातले अर्नोल्ड पाल्टाउफ यांनी १८८५ मध्येच माणसाला होणाऱ्या या आजाराचं वर्णन लिहून ठेवलं होतं. भारतातल्या बहुसंख्य रुग्णांमध्ये सापडते ती ऱ्हायझोपस ही बुरशी शिळ्या पावावर, सडक्या फळांवर, ओल्या धान्यावर, शेणखतात सगळीकडे असते. तिचे बीजाणू इतके हलके की वाऱ्याबरोबर फिरतात. तुम्ही-आम्ही ते रोज श्वासाबरोबर आत घेतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. नाकातल्या आणि फुप्फुसातल्या भक्षक पेशी त्या बीजाणूंना रुजू देत नाहीत. एखादा रुजलाच तर रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशी धावून येतात आणि त्याचे तंतू वाढू देत नाहीत.

स्टिरॉइड या दोन्ही पेशींना मंद करतं. भक्षक पेशी बीजाणू गिळते, पण गिळलेलं नीट मारू शकत नाही. न्यूट्रोफिल रक्तात फिरत राहतात, जिथे गरज आहे तिथे उतरत नाहीत. शेताचा राखणदार बांधावर उभा दिसतो, पण झोपेत आहे, तशी ही अवस्था. त्यातच स्टिरॉइडने रक्तातली साखर वाढते. साखर फार वाढून रक्त आम्लधर्मी झालं की एरवी प्रथिनांना घट्ट बांधलेलं लोह सुटं होतं, आणि या बुरशीला वाढायला लोहच हवं असतं. सायनसमध्ये रुजलेली बुरशी मग रक्तवाहिन्यांच्या भिंतीत घुसते. आत गुठळी होते, रक्त थांबतं, पुढचा भाग मरतो. नाकात आणि टाळूवर दिसणारा काळा रंग त्या मेलेल्या मांसाचा आणि हाडाचा असतो. सायनसला लागून डोळ्याची खोबण, खोबणीच्या मागे मेंदू. हा प्रवास कधी कधी काही दिवसांतच पुरा होतो.

कोरोनाच्या आधीही भारतात हा आजार बाकी जगाच्या कितीतरी पट होता. तेव्हा चंडीगडच्या पीजीआयमध्ये असलेले बुरशीतज्ज्ञ डॉ. अरुणालोक चक्रवर्ती आणि त्यांचे सहकारी हे अनेक वर्षं लिहीत आले. त्यांचा अंदाज होता दर दहा लाखांमागे सुमारे १४० रुग्ण. जगाच्या सरासरीच्या सत्तर-ऐंशी पट. कारण उघड होतं. आटोक्यात नसलेला मधुमेह. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत, आणि त्यातल्या अनेकांना आपल्याला साखर आहे हेच ठाऊक नसतं. नाकाचं ऑपरेशन करण्याची वेळ आल्यावर रक्त तपासलं आणि मधुमेहाचं निदान पहिल्यांदा झालं, असे रुग्ण या आजाराच्या जवळपास प्रत्येक भारतीय अभ्यासात भेटतात.

अशा देशात २०२० साली स्टिरॉइड घराघरात पोचलं. ते का पोचलं हे नीट सांगायला हवं, नाहीतर औषधावर अन्याय होईल. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले. रोज सहा मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त दहा दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू त्यामुळे एक तृतीयांशाने घटले, ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे एक पंचमांशाने. इतक्या स्वस्त, इतक्या जुन्या औषधाने जगभर किती जीव वाचवले याची मोजदाद करणं अवघड आहे. पण त्याच चाचणीत आणखी एक गोष्ट स्पष्ट दिसली होती: ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना या औषधाचा फायदा झाला नाही.

पुढच्या वर्षीच्या लाटेत हे दुसरं वाक्य मागे पडलं. खाटा नव्हत्या, ऑक्सिजन नव्हता, डॉक्टर दिवसरात्र उभे होते आणि घाबरलेली माणसं फोनवर फोन करत होती. सीटी स्कॅनचा ‘स्कोअर’ हा रोजच्या बोलण्यातला शब्द झाला होता. एकाला लिहून दिलेली चिठ्ठी व्हॉट्सअपवरून दहा घरांत गेली. ताप आल्याच्या पहिल्याच दिवशी स्टिरॉइड सुरू झालं. कुठे डोस दुप्पट-तिप्पट झाला, कुठे दहा दिवसांचे तीन आठवडे झाले, आणि या सगळ्यात शुगर तपासायची राहून गेली. मला यात कुणा एकाला दोषी धरायचं नाही. त्या दिवसांत ज्यांनी रुग्ण सांभाळले त्यांच्याकडे विचार करायला वेळ नव्हता, हे मान्य करायलाच हवं. पण आता वेळ आहे, आणि आताही तो विचार होत नाही, हे मला खुपतं.

दुसऱ्या लाटेच्या आधीच गणित बदलू लागलं होतं. अहमदाबादचे डॉ. अतुल पटेल आणि देशभरातल्या इतर डॉक्टरांनी सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांतले म्युकरचे २८७ रुग्ण एकत्र अभ्यासले. त्यातल्या १८७ जणांना कोरोना झालेला होता. आदल्या वर्षीच्या त्याच काळाच्या तुलनेत रुग्ण दुपटीवर गेले होते. कोरोना होऊन आठवडा उलटल्यावर झालेल्या म्युकरशी अयोग्य पद्धतीने दिलेल्या स्टिरॉइडचा थेट संबंध त्यांना आढळला. पुढे मे २०२१ मध्ये केंद्राने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदवायला सांगितलं. जुलैमध्ये राज्यसभेत आकडा आला तो ४५ हजारांहून अधिक रुग्णांचा आणि ४,३०० हून अधिक मृत्यूंचा. राज्यांच्या यादीत महाराष्ट्र सर्वात वर होता.

त्या दिवसांत ज्यांच्या घरात हा आजार होता त्यांना एक नाव कायमचं पाठ झालं, अँफोटेरिसिन. हे औषध सापडलं १९५०च्या दशकात, व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या जिवाणूपासून. बुरशीच्या पेशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल असतं, आपल्या पेशींच्या आवरणात कोलेस्टेरॉल. दोन्ही इतके जवळचे की बुरशीला भोक पाडणारं औषध माणसालाही थोडंफार भोक पाडतंच. जुन्या, स्वस्त अँफोटेरिसिनने रुग्ण थंडी वाजून कुडकुडतो, रक्तातलं पोटॅशियम घसरतं आणि मूत्रपिंडं हळूहळू हात टेकतात. चरबीच्या सूक्ष्म कणांत बंद केलेलं लायपोसोमल अँफोटेरिसिन त्या मानाने सौम्य, पण महाग. साठ किलोच्या माणसाला किलोमागे पाच मिलिग्रॅम धरलं तरी रोजचे ३०० मिलिग्रॅम होतात, म्हणजे पन्नासच्या सहा व्हायल. चार आठवड्यांच्या १६८. आजार मेंदूपर्यंत गेला तर डोस याच्या दुपटीपर्यंत न्यावा लागतो.

एका रुग्णाच्या १६८ व्हायल. रुग्णसंख्या हजारांत. देशात हे इंजेक्शन मोजक्याच कंपन्या बनवत होत्या, कारण एरवी त्याला मागणीच नसायची. नातेवाईक चिठ्ठी घेऊन या शहरातून त्या शहरात फिरत होते, जिल्हाधिकारी कार्यालयांतून व्हायल मोजून वाटल्या जात होत्या, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे पुरवठ्याचा हिशेब मांडला जात होता. मेच्या अखेरीस वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेसमध्ये अँफोटेरिसिनचं इमल्शन स्वरूपातलं इंजेक्शन बनू लागलं. बाजारात सात हजारांना मिळणारं इंजेक्शन तिथलं बाराशेला मिळेल, असं तेव्हा नितीन गडकरींच्या कार्यालयाने जाहीर केलं. जूनमध्ये जीएसटी परिषदेने या औषधावरचा कर शून्यावर आणला. राज्य सरकारने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत या आजाराचा समावेश केला. हे सगळं झालं आणि ते चांगलंच झालं. पण ते झालं तोवर अनेकांचे ते पहिले आठ-दहा दिवस निघून गेले होते, ज्या दिवसांवर या आजारात डोळा राहणं आणि जाणं ठरतं.

कारण नुसत्या औषधाने हा आजार जात नाही. बुरशीने रक्तवाहिन्याच बंद केलेल्या असतात, तेव्हा शिरेतून दिलेलं औषध मेलेल्या भागात पोचतच नाही. तो भाग कापून काढावा लागतो. आधी दुर्बिणीतून सायनस साफ करायचे, मग गरज पडली तर टाळू, वरचा जबडा, गालाचं हाड आणि शेवटी डोळा. कान-नाक-घसा, दंत, नेत्र, मेंदू असे चार विभागांचे शल्यविशारद एका टेबलाभोवती उभे राहतात. वरचा जबडा काढलेल्या माणसाचं तोंड आणि नाक एक होतं. पाणी प्यायलं की नाकातून येतं, बोललेलं समोरच्याला कळत नाही. मग ऑब्चुरेटर नावाची, दात बसवलेली प्लेट करून ती भगदाडात बसवतात, आणि माणूस पुन्हा भाकरी चावू लागतो. ही प्लेट सैल होते, हिरडीचा आकार बदलतो, ती पुन्हा पुन्हा नव्याने करावी लागते. २०२१ साली वाचलेल्यांपैकी अनेकांचं हे काम आयुष्यभर चालणार आहे. मृतांचा आकडा संसदेत सांगितला गेला. जबडा आणि डोळा गमावून जगणाऱ्यांचा हिशेबही कुणीतरी तितक्याच गांभीर्याने मांडायला हवा.

आता दुसऱ्या बाजूची माणसं, दुसऱ्याचा अवयव घेऊन जगणारी. यांना आपली प्रतिकारशक्ती औषधाने दाबलेली आहे हे पक्कं माहीत असतं, किंबहुना त्या माहितीवरच त्यांचं जगणं उभं असतं.

भारतात मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९६५ मध्ये झाला. तो टिकला नाही. तेव्हा हाताशी असलेली औषधं म्हणजे अझाथायोप्रिन आणि स्टिरॉइड. परक्याचा अवयव शरीराने टिकवून धरावा यासाठी लागणारी पुढची औषधं कुठून आली हे वाचताना मी थक्क झालो. स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीतला एक कर्मचारी १९६९ मध्ये सुट्टीला नॉर्वेत गेला आणि तिथल्या हार्डांगरविड्डा पठारावरची माती पिशवीत भरून घेऊन आला. त्या मातीतल्या एका बुरशीपासून सायक्लोस्पोरिन मिळालं. टॅक्रोलिमस १९८४ मध्ये जपानच्या त्सुकुबा पर्वताच्या पायथ्याच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालं. सिरोलिमसची माती पॅसिफिकमधल्या रापा नुई बेटावरून १९६४च्या कॅनडाच्या मोहिमेने आणली होती. त्यातून औषध वेगळं काढणारे सुरेंद्रनाथ सेहगल मूळचे पंजाबचे. आणि मायकोफेनोलिक आम्ल तर इटलीच्या बार्तोलोमेओ गोसिओ यांना १८९३ मध्येच बुरशी लागलेल्या मक्यावर सापडलं होतं.

मातीतले हे जीव अशी रसायनं बनवतात ती बहुधा एकमेकांशी लढण्यासाठी. टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन ज्या कॅल्सिन्युरिन नावाच्या विकराला रोखतात, ते विकर बुरशीच्या पेशीतही असतं आणि आपल्या टी-पेशीतही. मातीतल्या जुन्या भांडणातलं हत्यार माणसाने उचललं आणि आपल्याच संरक्षक पेशींवर, विचारपूर्वक, मोजूनमापून रोखलं. त्यामुळे आईने दिलेलं मूत्रपिंड मुलाच्या पोटात वीस-पंचवीस वर्षं काम करू शकतं. ही विज्ञानाची थोर कामगिरी आहे आणि तिची किंमतही खरी आहे.

प्रत्यारोपणानंतरचे पहिले सहा महिने सर्वात नाजूक. पहिल्या महिन्यात धोका ऑपरेशनचा, नळ्यांचा, रुग्णालयातल्या जंतूंचा. कँडिडा ही बुरशी तेव्हाच गाठते. त्यानंतर औषधांचा पूर्ण प्रभाव चढतो आणि संधीची वाट पाहणारे बाकीचे येतात. फुप्फुसात अ‍ॅस्परजिलस, कबुतरांच्या विष्ठेत वाढणारा आणि मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा क्रिप्टोकोकस, वटवाघळांच्या आणि पक्ष्यांच्या विष्ठेने भरलेल्या मातीतला हिस्टोप्लाझ्मा, आणि न्यूमोसिस्टिस. म्हणून प्रत्यारोपण झालेल्यांच्या घरातले नियम बाहेरच्याला चमत्कारिक वाटतात. कुंड्यांची माती उकरायची नाही. धान्य पाखडायला बसायचं नाही. शेजारी जुनी इमारत पाडत असतील तर खिडक्या बंद, बाहेर पडताना एन-९५. बाल्कनीत कबुतरं बसू द्यायची नाहीत. मुंबईत २०२५ साली कबुतरखाने बंद करण्यावरून मोठा वाद झाला, श्रद्धेची बाजू आणि आरोग्याची बाजू दोन्ही त्वेषाने मांडल्या गेल्या. त्या वादात दम्याचं नाव सतत आलं, पण गोळ्या घेऊन दुसऱ्याचं मूत्रपिंड जपणाऱ्या माणसांची आठवण फार कमी जणांनी काढली.

या लोकांना आपल्या औषधांची नावं, मिलिग्रॅम आणि वेळा पाठ असतात. टॅक्रोलिमसची रक्तातली ‘लेव्हल’ किती आली हे ते मुलांच्या परीक्षेच्या गुणांसारखं सांगतात. त्यांना हेही शिकवलेलं असतं की आपल्या डॉक्टरला विचारल्याशिवाय बुरशीची साधी गोळीसुद्धा घ्यायची नाही. कारण फ्लुकोनाझोल, व्होरिकोनाझोल, पोसाकोनाझोल ही बुरशीविरोधी औषधं यकृतातल्या ज्या विकराला अडवतात, तेच टॅक्रोलिमसचं विघटन करत असतं. गोळी सुरू झाली की टॅक्रोलिमस रक्तात साचत जातं आणि ज्या मूत्रपिंडासाठी सगळा खटाटोप त्यालाच विषबाधा होते. काही गोळ्यांबरोबर टॅक्रोलिमसचा डोस एक तृतीयांशावर आणावा लागतो. बुरशीचा उपचार थांबल्यावर तो पुन्हा वाढवायला विसरलं तर शरीर अवयव नाकारू लागतं. अशा रुग्णांत बुरशीवरच्या औषधाची निवड म्हणजे दोन्ही बाजूंना खोल उतार असलेली पायवाट आहे, आणि जे ती रोज चालतात त्या नेफ्रॉलॉजिस्टांबद्दल आणि रुग्णांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

प्रत्यारोपणापलीकडेही ही वस्ती वाढते आहे. रक्ताच्या कर्करोगात केमोथेरपीने न्यूट्रोफिल जवळजवळ शून्यावर जातात. संधिवात, ल्युपस, सोरायसिस, आतड्यांचा दाह यांसाठी गेल्या पंचवीस वर्षांत आलेली जैविक औषधं वाकडी झालेली बोटं आणि अंथरुणाला खिळलेली माणसं पुन्हा उभी करतात. त्यातल्या टीएनएफ हे दाह वाढवणारं प्रथिन रोखणाऱ्या औषधांवर हिस्टोप्लाझ्मोसिससारख्या बुरशीसंसर्गाचा ठळक इशारा छापायला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ मध्ये लावलं. ही औषधं लिहून देणारे तज्ज्ञ असतात, सुरू करण्यापूर्वी छातीचा फोटो आणि टीबीची तपासणी होते. तिथे निदान बोलणं तरी होतं.

बोलणं होत नाही ते खालच्या पायरीवर. गुडघे दुखतात म्हणून आठवडी बाजारातून आणलेली पुडी. ‘जुन्या दम्यावर हमखास’ म्हणून विकलं जाणारं चूर्ण, ज्यात स्टिरॉइड मिसळलेलं निघाल्याचे अहवाल आपल्याकडच्या वैद्यकीय नियतकालिकांत अनेकदा आलेत. एकदा डॉक्टरने पाच दिवसांसाठी दिलेली आणि नंतर मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय वर्षानुवर्षं आणलेली गोळी. प्रेडनिसोलोन कायद्याने चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. प्रत्यक्षात जुनी रिकामी पट्टी दाखवली तरी पुरतं. औषध काम करतं हीच खरी अडचण. दुखणं चार तासांत पळतं. भूक वाढते, चेहरा गोल होतो, आणि गावात म्हणतात, तब्येत भरली. मग त्वचा पातळ होऊन जरा धक्का लागला की काळानिळा डाग उठतो, जमिनीवरून उठताना मांड्यांत बळ राहत नाही, साखर चढते. अशा माणसाला ताप आला, नाक चोंदलं, खोकला धरला, तर तो दवाखान्यात आपण स्टिरॉइड घेतो असं सांगूच शकत नाही. त्याला ते माहीतच नाही.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. हे वाचून कुणी आपली गोळी परस्पर बंद करू नये. बाहेरून स्टिरॉइड येत राहिलं की आपल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी स्वतःचं स्टिरॉइड बनवणं थांबवतात. गोळी अचानक तोडली तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. ती डॉक्टरच्या देखरेखीखालीच हळूहळू उतरवावी लागते. शिवाय ल्युपसने मूत्रपिंड गिळायला घेतलेल्या मुलीला किंवा पेम्फिगसने अंग सोलून निघालेल्या माणसाला हीच गोळी वाचवते. १९४८ मध्ये मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिझोन दिलं आणि १९५० मध्ये त्या कामाला नोबेल मिळालं, ते योग्यच होतं.

त्वचेवरची गोष्ट वेगळी वाटेल, पण तीही याच साखळीतली. गजकर्ण झालं की मेडिकलमधून जी ट्यूब येते तिच्यात अनेकदा बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि क्लोबेटासोलसारखं जहाल स्टिरॉइड एकत्र असतं. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी आतून पसरत राहते. ट्यूब बंद केली की दुप्पट उठते, म्हणून पुन्हा ट्यूब. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने वर्षानुवर्षं आवाज उठवल्यावर २०१८ मध्ये सरकारने अशी अनेक मलमं चिठ्ठीच्या यादीत टाकली. तोवर नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारी एक बुरशी देशभर पसरली होती. तिला २०२० मध्ये शास्त्रीय नाव मिळालं, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. त्या नावात आपल्या देशाचं नाव आहे, आणि ती आता युरोप-अमेरिकेतल्या रुग्णांतही सापडते.

पुन्हा छातीकडे येऊ. स्टिरॉइडवर असलेल्या माणसाच्या एक्स-रेवर डाग दिसला की आपल्याकडे पहिला विचार टीबीचा होतो. तो चुकीचा नाही. स्टिरॉइडने टीबीही उफाळतो. अडचण पुढे होते. थुंकीत जंतू सापडत नाहीत, तरी टीबीची औषधं सुरू होतात, दोन महिने वाट पाहिली जाते. अ‍ॅस्परजिलस किंवा म्युकरला दोन महिने फार झाले. हिस्टोप्लाझ्मोसिस तर वजन घटणं, ताप, गाठी अशी टीबीचीच हुबेहूब लक्षणं घेऊन येतो.

निदानासाठी फार मोठी यंत्रसामग्री लागते असं नाही. नाकातल्या किंवा टाळूवरच्या कपच्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा, काच ठेवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. रुंद, रिबिनीसारखे, आडपडदे नसलेले, काटकोनात फुटणारे तंतू दिसले तर म्युकर. बारीक, आडपडदे असलेले, तिरके फाटे फुटणारे दिसले तर बहुधा अ‍ॅस्परजिलस. तासाभराचं काम आहे, आणि त्यावर सगळा उपचार ठरतो, कारण अ‍ॅस्परजिलसवर उत्तम चालणारं व्होरिकोनाझोल म्युकरला काहीच करत नाही. टीबीमुळे सूक्ष्मदर्शक तालुक्यातालुक्यात पोचलेत. कमी आहे ती हे तंतू ओळखणारी नजर. बुरशीशास्त्र हा वैद्यकीय शिक्षणातला दुर्लक्षित कोपरा आहे, त्यात नाव काढावं असं विद्यार्थ्यांना वाटत नाही आणि वाटलं तर जागा नसतात. ऑपरेशन थिएटरमधून मांसाचा तुकडा सवयीने सगळाच्या सगळा फॉर्मलिनमध्ये जातो. त्यात बुरशी मरते आणि कल्चर होऊच शकत नाही. अर्धा तुकडा सलाइनमध्ये पाठवायचा असतो. प्रयोगशाळेत तुकडा वाटून घेतला तर म्युकरचे नाजूक तंतू तुटतात आणि कल्चर कोरं येतं. त्याचे बारीक काप करायचे असतात. अशा छोट्या गोष्टींवर माणसाचा डोळा अवलंबून असतो. जागतिक आरोग्य संघटनेने घातक बुरशींची आपली पहिली यादी २०२२च्या ऑक्टोबरमध्ये केली, तिच्यात १९ नावं आहेत. जिवाणूंची तशी यादी पाच वर्षं आधीच झाली होती.

आणि जिथे निदानाचीही गरज नाही, आधीच रोखता येतं, ते न्यूमोसिस्टिस. चेक शास्त्रज्ञ ओटो यिरोवेत्स यांच्या नावाने ओळखली जाणारी ही बुरशी दीर्घकाळ आदिजीव (प्रोटोझोआ) वर्गातला परजीवी समजली जायची. १९८८ मध्ये ती बुरशी असल्याचं कळलं. ती फुप्फुसात शिरली की माणूस दोन पावलं चालला तरी धापा टाकतो. तिला रोखणारी कोट्रायमॉक्सॅझोलची गोळी, आपल्याकडे लोकांना माहीत असलेली सेप्ट्रान, अत्यंत स्वस्त आहे. प्रत्यारोपणानंतर ती सहा महिने ते वर्षभर नेमाने दिली जाते. वीस मिलिग्रॅम किंवा अधिक प्रेडनिसोलोन महिनाभराहून जास्त आणि जोडीला प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं औषध घेणाऱ्यांनाही तिचा विचार करायचा असतो. हा विचार करायला डॉक्टरला समोरच्याच्या पोटात काय जातंय हे कळावं लागतं.

ब्रिटनमध्ये दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्याला अनेक दशकांपासून एक निळं कार्ड देतात. औषधाचं नाव, डोस, कधी सुरू झालं, कुणी दिलं, आणि अचानक बंद करू नका ही सूचना. तो माणूस दंतवैद्याकडे गेला, डोळ्याच्या डॉक्टरकडे गेला, बेशुद्ध होऊन अपघात विभागात आला तरी कार्ड त्याच्या वतीने बोलतं. आपल्याकडे गरोदर बाईचं कार्ड असतं, बाळाच्या लसींचं असतं, टीबीच्या औषधांचं असतं, आणि ती तिन्ही वाडीवस्तीपर्यंत पोचवून दाखवली आहेत आशाताईंनी आणि परिचारिकांनी. स्टिरॉइडचं मराठी कार्ड याच वाटेने जाऊ शकतं. त्यावर आणखी तीन ओळी हव्यात: महिन्यातून एकदा शुगर तपासा; नाकातून काळपट स्राव, चेहऱ्याची एक बाजू बधिर, दात हलणं किंवा एकाच्या दोन वस्तू दिसणं, यांतलं काही झालं तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा; ताप आठवडाभर हटला नाही तर हे कार्ड दाखवून बुरशीची तपासणी मागा. कार्ड डॉक्टरने भरायचं, आणि मेडिकलवाल्याने गोळी देताना त्यावर तारीख आणि शिक्का मारायचा. कार्डाशिवाय गोळी नाही. गावोगावच्या मधुमेह आणि रक्तदाब तपासणी शिबिरांत नाव-वय-वजनाच्या तक्त्यात ‘दुखण्यावर किंवा दम्यावर रोज कुठली गोळी, पुडी, चूर्ण घेता का, सोबत आणलंय का’ असा एक रकाना वाढवला, तर ज्यांना गोळीचं नाव माहीत नाही ती माणसं पहिल्याच फेरीत सापडू लागतील.